ट्रॅक डेसाठी स्विफ्टचे ब्रेक: आधी काय बदलावं?

अनमोडपार

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची स्विफ्ट झेडएक्सआय, १.२ पेट्रोल, ५२,००० किमी. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम, १५ इंची अलॉय, सगळं कंपनीचंच. कोईमतूरच्या कारी स्पीडवेवर ट्रॅक डे (आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्याचा दिवस) करायचा आहे, १५-१५ मिनिटांची चार सेशन. ट्रेलर नाही. गाडी फोंड्याहून चालवत न्यायची आणि त्याच ब्रेकवर अनमोड घाट उतरून घरी यायचं. एरवी ती रोज फोंडा-पणजी धावते.

बिग ब्रेक किट (मोठ्या डिस्क आणि कॅलिपरचा संच) घ्यावं, की पॅड आणि ब्रेक ऑइलवर भागेल? मागे डिस्क बसवून घ्याव्यात का?

जांभा_दगड

आधी एक तपासा. रिकाम्या, सुरक्षित जागी ६० च्या वेगात पूर्ण जोर लावून ब्रेक दाबा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागलं ना? म्हणजे चाक अडवण्याची ताकद आत्ताच पुरेशी आहे, थांबण्याचं अंतर टायर ठरवतोय. ट्रॅकवर कमी पडते ती ताकद नव्हे, उष्णता पचवण्याची क्षमता.

हिशेब असा. चालकासह गाडी १,००० किलो धरा. १२० वरून ६० वर आणताना सुमारे ४१७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. पाऊण वाटा पुढच्या चाकांचा, म्हणजे एका डिस्कवर साधारण १५६. डिस्क ५ किलो बिडाची धरली तर एकाच ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान ६८ अंशांच्या आसपास चढतं. कारी २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे, पुढचं वळण लगेच येतं, आणि आधीची उष्णता उतरायच्या आत पुढची भर पडते. रस्त्यावरचा साधा पॅड ३०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात पकड सोडू लागतो. तिथवर पोचायला दोन-तीन फेऱ्या पुरतात.

म्हणून क्रम: ब्रेक ऑइल, पुढचे पॅड, कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) सफाई, मग होज (ऑइलच्या रबरी नळ्या). किट सर्वांत शेवटी, आणि ह्या गाडीला बहुधा नकोच.

खाजन

ऑइलबद्दल सविस्तर लिहितो, कारण जीवघेणी चूक तिथेच होते.

ब्रेक कमी झाला की पेडल काय सांगतं ते ओळखायला शिका. पेडल घट्ट आहे, पाय पूर्ण जोर लावतोय, तरी गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय: पॅड तापला. पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली जातंय: ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, पण त्यात वाफ झाली की ती दाबली जाते, आणि तुमच्या पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोचतच नाही. पॅड तापतो तेव्हा थोडी आगाऊ सूचना मिळते. ऑइल एका वळणात दगा देतं. असं झालं तर पेडल भराभर पंप करा, गिअर उतरवा, आणि पिटमध्ये या.

डॉट ४ चा उकळबिंदू ताजा असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. हे ऑइल हवेतली आर्द्रता होजमधून आणि टाकीच्या झाकणातून ओढत राहतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको. दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाऊच नका. मोटूल आरबीएफ ६०० घ्या: ताजा उकळबिंदू ३१२, पाणी शोषल्यावरही २०० च्या वर. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या लागतील. डॉट ५ वेगळं, सिलिकॉनचं असतं, ते ह्या गाडीत अजिबात नको. डॉट ५.१ चालतं.

बदलताना:

आधी टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढा, नवं भरा, मग प्रत्येक चाकाच्या निपलमधून (ऑइल सोडायच्या स्क्रूमधून) एअर काढायला घ्या. सर्वसाधारण क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तोच धरा. पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. दाबा, निपल सोडा, निपल बंद करा, मगच पेडल सोडा. बंद करायच्या आधी पाय उचलला की हवा परत आत. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत नेऊ नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) त्या खालच्या भागात वर्षानुवर्षं सील फिरलेला नसतो, तिथला गंज सील कापतो. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका.

उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवू नका. आपल्या दमटपणात ती वाया गेली असं समजा.

स्लॉटेड

माझं मत थोडं वेगळं. चांगलं चार पिस्टनचं किट एकदाच बसवलं की डोक्याला ताप नाही. डिस्क मोठी, उष्णता साठवायला जास्त लोखंड. ड्रिल केलेली घेऊ नका, भोकांपासून तडे जातात. स्लॉटेड, म्हणजे खाचा पाडलेली घ्या.

जांभा_दगड

@स्लॉटेड, लोखंड जास्त हे बरोबर. पण मास्टर सिलिंडर तोच राहतो. कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की तेवढं ऑइल ढकलायला पेडल जास्त खाली जातं. पुढचा वाटा वाढतो, मागचे ड्रम आणखी कमी काम करतात, एबीएसची जुळणी मूळ ब्रेकसाठी असते. १५ इंची अलॉयमध्ये कॅलिपर बसेल का हा प्रश्न वेगळाच. तो कागदाचा साचा कापून चाकात धरून बघावा लागतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेतले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात.

मागच्या डिस्कचं तर नावच काढू नका. जोराच्या ब्रेकिंगमध्ये हलक्या गाडीचा मागचा भाग उचलला जातो, तिथे जास्त ब्रेक म्हणजे मागची चाकं लॉक आणि गाडी आडवी. ड्रम उघडा, धूळ काढा, व्हील सिलिंडर गळतोय का बघा, लायनर ॲडजस्ट करा. झालं.

अनमोडपार

पटलं, किट रद्द. मग पॅड कोणते? रेसिंगचे पॅड थंडीत पकडत नाहीत असं ऐकलंय, आणि घाट तर पावसातही उतरायचा आहे.

खाजन

ऐकलंय ते खरं आहे. अस्सल रेस पॅड तापल्याशिवाय चावत नाही, आणि मोले चेकपोस्टपर्यंत थंड, ओला ब्रेक घेऊन उतरणं हा खेळ नव्हे. मधला वर्ग घ्या: फेरोडो डीएस२५०० किंवा ईबीसी यलोस्टफच्या जातीचा, जो थंडही चालतो आणि ५०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. मागवण्याआधी जुना पॅड काढून लांबी, उंची, जाडी आणि कानांची जागा मोजा. फक्त ‘स्विफ्ट’ एवढ्यावर ऑर्डर देऊ नका, पिढीनुसार आकार बदलतो.

पॅडच्या कडेवर दोन अक्षरं असतात. पहिलं थंड घर्षणाचं, दुसरं गरम. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ह्यावरून पकड कळते, टिकाऊपणा नाही.

लायनिंग (घासणारा थर) अर्ध्यावर आलेला पॅड ट्रॅकवर नेऊ नका. पॅड पातळ झाला की उष्णता सरळ पिस्टनमधून ऑइलमध्ये शिरते, आणि महागाचं ऑइलही उकळतं.

जांभा_दगड

कॅलिपर उघडलाच आहे तर स्लायडिंग पिना काढा. किनाऱ्याच्या हवेत त्या गंजून अडकतात, मग आतला पॅड बाहेरच्याच्या दुप्पट झिजतो. घासून साफ करा आणि सिलिकॉनचं ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस रबरी बूट फुगवतं. डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा आणि मायक्रोमीटरने मोजा. जवळ आली असेल तर कंपनीच्याच नव्या साध्या डिस्क टाका. बसवण्याआधी हबचा चेहरा वायर ब्रशने चकचकीत करा. गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क डगमगते, पेडल थरथरतं, आणि लोक ‘डिस्क वाकली’ म्हणत लेथवर नेतात.

अनमोडपार

पॅड बेडिंग (नवे पॅड तापवून डिस्कवर बसवणं) इथेच करून जाऊ का?

खाजन

गोव्याच्या रस्त्यावर त्या वेगात नको. इथे दोनेकशे किलोमीटर साधं चालवून पॅड डिस्कवर बसू द्या. खरं बेडिंग पहिल्या सेशनमध्ये: आठ-दहा वेळा १०० वरून ३० पर्यंत, प्रत्येक वेळी थोडा जास्त जोर, पूर्ण थांबायचं नाही. मग दोन फेऱ्या ब्रेक जवळजवळ न लावता. नवा पॅड पहिल्यांदा तापला की त्यातला राळेचा बांधा वायू सोडतो आणि पकड अचानक जाते. हे पहिल्या सेशनला होऊन गेलेलं बरं.

प्रत्येक सेशनची शेवटची फेरी थंड करण्यासाठी. पिटमध्ये आल्यावर ब्रेकवर पाय ठेवून उभे राहू नका, पॅडखालची जागा भाजते आणि तिथे डाग बसतो. हँडब्रेकही ओढू नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी गुटका लावा.

डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारा रंग लावा. हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, नारिंगी ५६० ला पिवळा. हिरवाच शाबूत असेल तर डिस्क थंड करणाऱ्या हवेच्या नळ्यांचा खर्च नको. नारिंगी गेला तर ६३ मिमीची नळी बंपरमधून डिस्कच्या मध्यावर आणा, कडेवर नव्हे, कारण आतले पंखे हवा मध्यातून बाहेर फेकतात. डिस्कच्या मागचा पत्रा मात्र काढू नका. बॉल जॉइंटचं बूट आणि एबीएसची वायर त्यानेच वाचते, आणि परतल्यावर तांबडा चिखल आहेच.

जांभा_दगड

विम्याचे कागदही वाचा. संघटित शर्यत आणि स्पीड टेस्टिंग नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेलं असतं.

अनमोडपार

देव बरें करूं. पॅडचं माप उद्या घेतो. परतीला निघण्याआधी ऑइलचं काय करायचं?

खाजन

संध्याकाळी गाडी पूर्ण थंड झाली की चारही निपलांतून थोडं थोडं ऑइल काढा, त्यासाठी २०० मिली लागेल, ती बाटली तिथेच उघडा. बुडबुडे दिसले तर ते थांबेपर्यंत काढत राहा. पॅडची जाडी बघा, चाकाचे नट टॉर्क पान्याने परत आवळा. पेडल सकाळी होतं तेवढ्याच उंचीवर घट्ट लागलं तरच घाटाच्या दिशेने निघा.