जोशी परिवार ग्रुप: पान 7 वरचे दत्तोपंत कुणाचे?

ताई, पुणे: नानाकाका, रागावू नका, पण काल रात्री कुलवृत्तांताची पीडीएफ वाचली आणि झोपच लागली नाही. पान 7 वर 'आपले पणजोबा दत्तोपंत हेच नाशिकचे इंग्रज कलेक्टर जॅक्सन यांच्या खून खटल्यातील दत्तात्रय जोशी' असं आहे. कशावरून?

नानाकाका: सुप्रभात 🙏 घरात चार पिढ्या हेच ऐकत आलो. निकालात नाव आहे. शनिवारी छपाई.

दादा, सिडको: वर्गणी 700 रुपये. अकरा जणांची बाकी आहे.

ताई, पुणे: नाव आहे, तिथेच घोळ आहे. त्या खटल्यात जोशी एक नव्हे, दोन होते. वामन नारायण जोशी, त्यांना जन्मठेप, काळं पाणी. आणि दत्तात्रय पांडुरंग जोशी, त्यांना दोन वर्षं सक्तमजुरी. आपल्या पणजोबांच्या वडिलांचं नाव पांडुरंग नव्हतं. तुमच्याच वंशावळीत पान 3 वर बघा.

धाकटी वहिनी: आडनावावरून ठरवायचं तर अख्खा कॉलेज रोड आपली भाऊबंदकी 😀 आमच्या बिल्डिंगमध्ये सहा जोशी. कुरिअरवाला रोज चुकतो.

नानाकाका: हसण्यावारी नेऊ नका. तुमचे सासरे असते तर असं बोलला असतात का?

धाकटी वहिनी: सॉरी काका. चुकलं.

आत्या, पंचवटी: तिचं काय चुकलं? गावचं जोशीपण ज्याच्याकडे तो जोशी. पंचांग सांगणार, मुहूर्त काढणार. जितकी गावं तितके जोशी. देशपांडे, कुलकर्णी यांचंही तेच, वतनाची नावं ती. बाबा तर म्हणायचे, चांदवडला आपलं आडनाव वेगळंच लावत.

पुतण्या, इंदिरानगर: काय लावत? कागद आहे?

आत्या, पंचवटी: होते की. 1969 च्या पुरात वाड्याच्या तळघरात पाणी शिरलं. एक ट्रंक वाचली होती. ती कुठे गेली ते विचारा.

नानाकाका: ट्रंक माझ्याकडे नाही. दहा वर्षं तेच चाललंय.

आत्या, पंचवटी: मी कुणाचं नाव घेतलं का?

दादा, सिडको: वर्गणी 700 रुपये. आता दहा जण बाकी. धन्यवाद वहिनी.

नानाकाका: बरं, खून खटल्यात नसतील तर नाशिक कटाच्या खटल्यात असतील. त्यात 38 आरोपी होते.

ताई, पुणे: काका, तो खटलाच वेगळा. जॅक्सनचा खून 21 डिसेंबर 1909, विजयानंद नाट्यगृहात. त्याचा निकाल मार्च 1910 मध्ये लागला आणि 19 एप्रिलला कान्हेरे, कर्वे, देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कटाचा निकाल त्याच वर्षी डिसेंबरात. एकात बसले नाहीत म्हणून दुसऱ्यात बसवायचे? ज्यांनी दोन वर्षं खडी फोडली असेल, त्यांच्या घरचं पुण्य आहे ते. त्यांच्या पणतवंडांच्या हाती आपलं पुस्तक पडलं तर काय सांगणार?

नानाकाका: म्हणजे माझे वडील खोटं बोलले?

ताई, पुणे: नाही हो काका. त्या दिवसांत नाशकात किती पोरांची धरपकड झाली. पणजोबांनाही चौकीवर नेलं असेल, घरात बोलणं झालं असेल. पुढे कुणीतरी छापील यादीत 'दत्तात्रय जोशी' वाचलं आणि दोन्ही धागे जुळवले. आजोबांनी ऐकलं तेच सांगितलं.

ताई, पुणे: परत टाकते, कारण वर गेलं. बापाचं नाव बघा. आडनाव नको, बापाचं नाव.

पुतण्या, इंदिरानगर: चांदवडच्या तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढता येईल. गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद. पण मोडी लिपीत आहे. शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ एकच. मी वर्ग केलाय, तरी एक ओळ लावायला अर्धा तास जातो.

मधला भाऊ: अर्ध्या तासात सिडकोवाल्यांची वर्गणी वसूल होते 😀

दादा, सिडको: तुझीच बाकी आहे.

आत्या, पंचवटी: मला बोलू द्या. मी परवा गोदाकाठी गंगेवर जाऊन आले. आपल्या उपाध्यांच्या घरी नामावळ, म्हणजे यजमानांच्या पिढ्यांची नोंद, काढायला लावली. त्यांनी आधी आडनाव विचारलंच नाही, मूळ गाव विचारलं. चांदवड म्हटल्यावर बाड काढलं. पणजोबा वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय. वडील, आजोबा, दोन्ही काका. खाली सही.

आत्या, पंचवटी: (फोटो)

पुतण्या, इंदिरानगर: वाचतोय. वडिलांचं नाव स्पष्ट आहे. पांडुरंग नाही. पान 3 बरोबर आहे. पण आत्या, आडनावाच्या जागी जोशी नाहीच! दुसराच शब्द आहे, पहिलं अक्षर लागत नाहीये. रविवारी वर्गाच्या सरांना दाखवतो.

ताई, पुणे: आत्या 🙏🙏 पणजोबांचं अक्षर मी पहिल्यांदा बघतेय.

नानाकाका: मीही.

धाकटी वहिनी: काका, बरे आहात ना?

नानाकाका: प्रेसला फोन केला. पान 7 थांबवलंय. खटल्याचा मजकूर काढतो. तिथे हा फोटो पूर्ण पान घ्यायचा, खाली मोडीचं वाचन. आत्या, उपाध्यांना विचारून नीट स्कॅन करून आण. फोनची सावली पडलीये.

आत्या, पंचवटी: उद्या सकाळी जाते. तू पण चल, सहीवर हात फिरव एकदा.

नानाकाका: साडेसातला येतो. ट्रंकेचा विषय काढू नकोस.