बाबांच्या डोळ्याच्या पडद्याचा प्रॉब्लेम, मावसभावाने अमेरिकेहून गोळ्या आणल्यात, द्यायच्या का?

खिडकीजवळची_सीट

मंडळी जरा सल्ला हवाय, आणि प्लीज "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहून पळू नका, डॉक्टर करून झालेत, तिथूनच तर गोंधळ सुरू झालाय.

बाबा ७३, बेस्टमधून रिटायर्ड. गेले काही महिने म्हणत होते की समोरच्या बिल्डिंगच्या ग्रिलचे गज वाकडे दिसतात. आम्हाला वाटलं ग्रिलच वाकडी असेल, परळच्या जुन्या बिल्डिंगी तुम्हाला माहितीच आहेत. मग एकदा दादरला इंडिकेटरवरचा आकडा मधूनच पुसल्यासारखा दिसतोय म्हणाले तेव्हा नेलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे आधीच काढलेत, म्हटलं नंबर बदलला असेल. तर पडद्याचा स्कॅन वगैरे काढून सांगितलं वयामुळे मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब होतोय, ड्राय टाइप, उजवा डोळा मधल्या स्टेजला, डावा सुरुवातीच्या. चिठ्ठीवर "ल्युटिन-झियाझँथिन, रोज" (पडद्यात असणारी पिवळी द्रव्यं, गोळीतून घ्यायची) आणि चला, पुढचा पेशंट आत.

आता घरात दोन प्रकार आहेत. मावसभाऊ न्यू जर्सीहून येताना एक मोठी बाटली घेऊन आला, आणि नाक्यावरच्या केमिस्टने त्याच्या निम्म्या किमतीत दुसरं पाकीट दिलं, म्हणे "सेमच आहे". बाबांना बीपीची गोळी, रक्त पातळ राहायची इकोस्प्रिन ७५ आणि रात्री अ‍ॅसिडिटीची चालू आहे. आई ६८, तिला १२ वर्षं शुगर, मेटफॉर्मिन चालू, डोळे ठणठणीत, पण तिचं म्हणणं "डोळ्याला चांगलं असतं ना, मग मलाही दे एकेक". देऊ का?

चष्मेवाला_गोरेगाव

ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज हेच बघतो म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे या गोळ्यांनी गेलेली नजर परत येत नाही, बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी "काही फरक नाही" म्हणून बंद करतात. अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने दोन मोठ्या ट्रायल केल्या, पहिलीचा निकाल २००१ मध्ये आला, दुसरीचा २०१३ मध्ये. पहिलीत दिसलं की व्हिटॅमिन-झिंकच्या गोळ्यांनी मधल्या स्टेजच्या पेशंटमध्ये आजार शेवटच्या स्टेजला जायचा धोका ५ वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी कमी होतो. सुरुवातीच्या स्टेजला किंवा निरोगी डोळ्याला फायदा दिसला नाही. म्हणजे बाबांच्या उजव्या डोळ्यासाठी अर्थ आहे, आईंना नको, उगाच पैसे घालवू नका.

दुसरं, नुसतं ल्युटिन आणि ट्रायलमधला फॉर्म्युला एक नाही. दुसऱ्या ट्रायलमधला डोस असा होता की व्हिटॅमिन सी ५०० मिग्रॅ, ई ४०० युनिट, ल्युटिन १०, झियाझँथिन २, झिंक ८० आणि कॉपर २ मिग्रॅ. कॉपर का, तर इतकं झिंक रोज पोटात गेलं की शरीरातलं तांबं कमी पडतं म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांवर डोळ्याचं चित्र मोठं आणि आतला डोस बारीक असतो. लेबल वाचा, दिवसाला किती गोळ्या मिळून तो डोस होतो तेही बघा, कधीकधी दोन घ्याव्या लागतात. झिंकने काहींना मळमळतं, जेवणानंतर द्या. आणि इकोस्प्रिन चालू आहे तर ई ४०० युनिट चालेल का हे मात्र विचाराच, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढायची शक्यता असते.

सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं राहिलं, बाबा सिगारेट ओढतात का? आधी ओढायचे का?

पालकप्रेमी_काकू

माझं ऐक बाई, गोळ्याबिळ्या राहू देत, रोज पालक, मेथी, लाल माठ, गाजराचा रस, आणि अंडं खात असतील तर पिवळ्यासकट. आमच्या सासूबाई ८८ व्या वर्षी सुईत दोरा ओवायच्या.

चष्मेवाला_गोरेगाव

काकू, ल्युटिन पालकात आणि अंड्याच्या पिवळ्यात असतंच, भाजीला चमचाभर तेलतूप असलं की अंगीही चांगलं लागतं, त्यामुळे खायचंच. पण मधल्या स्टेजला ट्रायलएवढं झिंक भाजीतून येणार नाही. आणि कुणाकडे रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकोमॅरॉल चालू असेल तर आज अचानक पालकाचा सपाटा लावू नका, त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे औषधाचा असर बदलतो, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. इकोस्प्रिनला ही भानगड नाही.

खिडकीजवळची_सीट

दादा, बाबा ओढायचे की. डेपोत सगळेच ओढायचे म्हणतात. दिवसाला एक पाकीट, ९८ साली सोडली. २५ वर्षांच्या वर झाली, त्याचं आता काय?

चष्मेवाला_गोरेगाव

तेच तर. जुन्या फॉर्म्युल्यात ल्युटिनऐवजी बीटा कॅरोटीन होतं, १५ मिग्रॅ. ते सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर वाढवतं हे त्याआधीच्या वेगळ्याच ट्रायलमध्ये दिसलेलं, आणि २०१३ च्या ट्रायलमध्ये ज्यांना कॅन्सर झाला त्यात बरेचसे सिगारेट सोडलेले लोक होते. म्हणून ते काढून ल्युटिन-झियाझँथिन घातलं. दोन्ही लेबलं आत्ता वाचा. सरळ "बीटा कॅरोटीन" लिहिलेलं नसेल तर व्हिटॅमिन एच्या ओळीत बघा, तिथे "बीटा कॅरोटीन स्वरूपात" असं बारीक अक्षरात असतं.

पालकप्रेमी_काकू

अरे देवा, मग गाजर हलवा पण बंद का??

चष्मेवाला_गोरेगाव

नाही हो काकू, गाजर बिनधास्त खा. धोका गोळीतल्या मोठ्या डोसचा आहे. हलव्यातली साखर हा वेगळा विषय.

सॅशेवाली_सून

विषय निघालाच आहे तर, कारण "व्हिटॅमिनच तर आहे, काय होतंय" हे वाक्य आमच्या घरी फार महागात पडलंय. सासऱ्यांना व्हिटॅमिन डी कमी निघालं, ६०,००० युनिटची सॅशे लिहून दिली, आठवड्याला एक, ८ आठवडे. चिठ्ठीवरचं अक्षर तुम्हाला माहितीच आहे, सासऱ्यांनी वाचलं रोज एक. संपली की स्वतःच जाऊन घेऊन यायचे आणि दुधात घालून प्यायचे, वर कॅल्शियमची गोळी. तीन महिन्यांनी भूक गेली, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मग असंबद्ध बोलायला लागले, आम्हाला वाटलं डोक्यात काहीतरी झालं, स्ट्रोक असेल म्हणून धावतपळत नेलं. निघालं रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं, किडनीवरही ताण आलेला. आठ दिवस सलाईन. डी चरबीत साठतं त्यामुळे सॅशे बंद केली तरी रिपोर्ट जागेवर यायला बरेच दिवस लागले. तेव्हापासून घरातली प्रत्येक गोळी मी डब्यावर मार्करने वार लिहून ठेवते. सोमवार म्हणजे सोमवार.

आणि थायरॉइडची गोळी असेल कुणाला तर कॅल्शियम, लोह तिच्यापासून ४ तास लांब ठेवा, एकत्र घेतली की थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. हे मला केमिस्टने नाही, दुसऱ्या पेशंटने वेटिंगमध्ये सांगितलं!

बांगडा_फ्राय

आईंच्या मेटफॉर्मिनबद्दल कुणीच बोललं नाही. १२ वर्षं मेटफॉर्मिन म्हणजे बी-१२ तपासा आधी. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी शोषलं जातं आणि त्यात शाकाहारी असतील तर विचारूच नका, कारण ते मुळात मासे, मटण, अंडी, दूध यातच असतं. बाबांची अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं असेल तर त्यांचंही तपासा, पोटातलं अ‍ॅसिड कमी झालं की जेवणातलं बी-१२ सुटत नाही. माझ्या आईला पाय गादीवर पडल्यासारखे वाटायचे, मुंग्या यायच्या, सगळे म्हणायचे शुगरमुळेच. बी-१२ पण तळाला गेलेलं निघालं, इंजेक्शनं घेतल्यावर मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. शुगर आणि बी-१२ दोन्हीचा त्रास सारखाच दिसतो म्हणून राहून जातं.

बाकी म्हाताऱ्या माणसांचं खाणं बघा जरा. सकाळी चहा-खारी, दुपारी पातळ वरण-भात, संध्याकाळी परत चहा, रात्री "भूक नाही, दूधपोळी दे". प्रोटीन कुठंय त्यात? किडनी चांगली असेल तर म्हातारपणी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं म्हणतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०-७० ग्रॅम. अंड्यात ६ मिळतात. आम्ही पावडरचा डबा आणला नाही, वरण घट्ट केलं, सकाळी मुगाचं धिरडं, आणि मासे खाणारे आहोत तर बांगडा, तारली. स्वस्त मासे आणि ओमेगा-३ सुरमईपेक्षा कमी नाही. किडनीचा त्रास असेल त्यांनी मात्र हे वाचून वाढवू नका, विचारून घ्या.

खिडकीजवळची_सीट

अपडेट. मावसभावाच्या बाटलीत बीटा कॅरोटीन नाही, डोस चष्मेवाले दादांनी लिहिला तोच, दिवसाला दोन. केमिस्टच्या "सेमच आहे" पाकिटात व्हिटॅमिन एच्या ओळीत बीटा कॅरोटीन निघालं, भिंगाने वाचावं लागलं, म्हणजे डोळ्याच्या औषधावरचं लेबल वाचायला भिंग, कमाल आहे. परत केलं. डॉक्टरांना फोनवर ई आणि इकोस्प्रिनचं विचारलं, ते म्हणाले चालू करा, पण नाकातून रक्त आलं किंवा उगाच काळेनिळे डाग दिसले तर थांबवून लगेच कळवा. आईचं बी-१२ उद्या देतोय, ती जरा रुसलीय की तिला बाटली मिळाली नाही.

एक विचारायचं होतं, गज वाकडे दिसणं वाढलं तर कळणार कसं?

चष्मेवाला_गोरेगाव

चौकोनी वहीचा कागद घ्या, मधोमध पेनाने ठिपका. चष्मा लावून, वाचतो तेवढ्या अंतरावर, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. रेषा नव्याने वाकड्या झाल्या किंवा मध्ये डाग वाढला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, दोन-तीन दिवसांत दाखवायचं. ड्रायचं वेट झालं, म्हणजे पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या येऊन गळायला लागल्या, तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन थांबवता येतं, पण उशीर झाला की गेलेलं भरून येत नाही. रोज बघा, दोन्ही डोळे वेगवेगळे, कारण एक बिघडला की दुसरा सांभाळून घेतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही.

खिडकीजवळची_सीट

लावला कागद फ्रिजवर. बाबांना इतका आवडलाय की येईल त्याला एक डोळा झाकून उभं करतायत, आज दूधवाल्यालाही सोडलं नाही.