काळ्या चिकणमातीवर घर: काँक्रीटच्या ठेकेदाराला काय विचारावं?

खाडीकाठ: ठाण्यात खाडीजवळ, कोलशेतच्या बाजूला जुनं घर पाडून एकमजली बांधतोय. काळी चिकणमाती, उन्हाळ्यात बोटभर भेगा. ठेकेदार म्हणतो, "पाच फूट खणू, पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) टाकू, काही होत नाही." दर चौरस फुटावर. होकार देऊ?

सळई१२: आधी माती तपासा, दराचं नंतर. फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे पाण्यात माती किती फुगते त्याचं माप, ५० टक्क्यांच्या वर गेला तर साध्या फुटिंगवर (उथळ पायावर) विसंबू नका. शिवाय खाडीजवळ मऊ मरीन क्ले (समुद्री गाळाची चिकणमाती) निघाली तर फुगण्यापेक्षा खचण्याची भीती जास्त. बोअर (खोल भोक पाडून मातीचा नमुना) घेतल्याशिवाय ते कळत नाही.

ओळंबा: फुगणारी निघाली तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब जमिनीत, विचारा. साधारण साडेतीन मीटर खोल, खालचा फुगवटा दांड्याच्या अडीचपट व्यासाचा. तिथवर पावसाळा-उन्हाळ्याचा फरक फारसा पोचत नाही. ग्रेड बीमखाली (पाइलना जोडणारी, भिंत पेलणारी जमिनीलगतची तुळई) ८० मिमी पोकळी हवीच. बहुतेक ठेकेदार इथेच घोळ घालतात, माती थापून तिच्यावरच बीम ओततात. पावसात माती फुगली की बीम वर उचलला जातो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. मग पुट्टी भरत बसा!

खाडीकाठ: जोत्यात खणलेलीच माती भरली तर?

ओळंबा: अजिबात नको. मुरूम, १५-२० सेंमीच्या थरांत, पाणी मारून धुमसून.

सळई१२: आणि पायाचा दर घनमीटरवर, सळई किलोवर लिहून घ्या. काँक्रीट एम२५ प्रतीचं, त्याचे तपासणीसाठी १५० मिमीचे क्यूब (ठोकळे), आणि त्यांच्या ताकदीचा २८ दिवसांचा रिपोर्ट आल्यावरच शेवटचा हप्ता. काँक्रीट "जरा पातळ करू" म्हणत पाणी ओतणाऱ्याला तिथेच थांबवा.