मदत हवी आहे: मराठी रिव्ह्यूंमधली कॉपी पकडायची आहे

पुण्यातल्या किराणा ॲपवरच्या खोट्या रिव्ह्यूंवर विद्यापीठात प्रकल्प चालू आहे. पद्धत: तीन-तीन अक्षरांचे तुकडे, मिनहॅश (तुकड्यांच्या संचांची झटपट, अंदाजे तुलना करणारी पद्धत), जॅकार्ड (दोन रिव्ह्यूंतल्या एकूण तुकड्यांपैकी सामाईक तुकड्यांचं प्रमाण) ०.८ च्या वर असेल तर कॉपी.

‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ऱ, नाहीतर र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं युनिकोड चिन्ह). एनएफसी (एकच मजकूर एकाच रूपात आणणारं युनिकोडचं प्रमाणीकरण) केलं तरी दोन्ही एक होत नाहीत, म्हणून दुसरी तऱ्हा आधीच पहिलीत बदलून घेतो. हे सुटलं.

अडलंय छोट्या रिव्ह्यूंवर. ‘बरं आहे’ असं खरे ग्राहकही सर्रास लिहितात (पुणेकराची तर ही पाच तारे देतानाची दाद!), आणि मिनहॅश सगळ्यांना कॉपी ठरवतं. अशांसाठी मजकूर सोडून वेळ, खातं, तारे यांवर गट पाडावेत का? रोमन लिपीतले रिव्ह्यू आधी देवनागरीत आणावेत की वेगळे तपासावेत?