लोह वाढवून फेरोप्टोसिस साधत नाही
लोहामुळे कर्करोगाच्या पेशी मरत असतील तर रुग्णाला गूळ आणि लोहाच्या गोळ्या भरपूर द्याव्यात, असा निष्कर्ष काही जण काढतात; तो मला मान्य नाही. २०१२ साली शास्त्रज्ञ ब्रेंट स्टॉकवेल यांच्या प्रयोगशाळेने फेरोप्टोसिस असे नाव दिलेल्या पेशीमृत्यूच्या या प्रक्रियेत लोहाच्या साहाय्याने पेशीच्या आवरणातील मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होऊन आवरण फाटते हे खरेच. परंतु जीपीएक्स४ हे विकर (एन्झाइम) ग्लुटाथायोन हे पेशीतले ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य वापरून ते नुकसान सतत निस्तरत असते, आणि म्हणूनच संशोधकांचा मुख्य भर लोह वाढवण्यापेक्षा हे संरक्षण मोडण्यावर आहे.

असा निष्कर्ष काढताना लक्षात न घेतला जाणारा आणखी एक मुद्दा ई जीवनसत्त्वाचा. ते मेदाम्लांचे हेच ऑक्सिडीकरण रोखते, त्यामुळे प्रयोगशाळेत फेरोप्टोसिस थांबवण्यासाठी त्याचा वापर होतो. माझ्या मावशीची केमोथेरपी चालू असताना कोल्हापुरातल्या आमच्या घरी भेटायला येणारी मंडळी मोठ्या मायेने कुणी गुळाची ढेप, कुणी ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणत असत. डॉक्टरांनी कॅप्सूल स्पष्ट शब्दांत बंद करायला सांगितल्या, आणि लोह द्यायचे की नाही हे हिमोग्लोबिन व फेरिटिनचे (शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाचे) अहवाल पाहूनच ठरवले.