अनुभव धागा: सकाळी निरभ्र, दुपारी गडगडाट. हस्ताच्या दिवसांत वाऱ्यापावसाचा अंदाज तुम्ही कसा घेता?

डोंगरओढ
काल दुपारी गच्चीवरचे कपडे काढत होते. ऊन कडक, आणि एकदम पूर्वेकडून गार झोत आला, ओल्या मातीचा वास घेऊन. अंगावर काटा आला. हाच झोत मला कळसूबाईवर लागला होता, २०१४ च्या ऑक्टोबरात.

सकाळी पायथ्याच्या बारी गावातून निघालो तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं. मोबाइलवर एक सूर्य, त्याला चिकटलेला छोटा ढग, पावसाची शक्यता ३० टक्के. निवांत चढलो, देवीला नारळ वाढवला, दीड वाजेपर्यंत माथ्यावर बसून राहिलो. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, कारण चार महिने पाऊस तिकडूनच येतो ही डोळ्यांची सवय. पश्चिम स्वच्छ होती. ढग पाठीमागून आला. आधी तो गार झोत, मग दहा मिनिटांत अंधारून आलं. १६४६ मीटरवर, राज्यातल्या सगळ्यात उंच जागी आम्ही सात जण, आणि खाली उतरायला लोखंडी शिड्या. एकाच्या हातातली काठी झिणझिणायला लागली, माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. काठ्या टाकल्या, माथा सोडून थोडं खाली सरकलो आणि एकमेकांपासून लांब लांब उकिडवे बसलो. चाळीस मिनिटं. भाचा बारा वर्षांचा होता, मोठमोठ्याने रडत होता आणि मला त्याला जवळ घेता येत नव्हतं.

कुणाला काही झालं नाही. पण परतीच्या पावसाचा ढग मागून येतो, हे त्या दिवशी कळलं. नैर्ऋत्येचा वारा मंदावलेला, जमीन ओली, ऊन तापलेलं. दुपारी ढग उभे चढतात आणि वरच्या पूर्वेच्या वाऱ्यावर पश्चिमेकडे सरकतात. तेव्हापासून हस्त-चित्रात बाराच्या आत माथा सोडायचा, हा आमच्या घरचा नियम.

तुमचे अनुभव लिहा ना. ट्रेक, सायकल, होडी, काहीही.

शेवंती
शिड्यांचं वाचून पोटात गोळा आला. भाचा आता कसा आहे?

डोंगरओढ
@शेवंती तेवीसचा आहे गं. अजून ट्रेक करतो, मात्र निघायची वेळ तोच ठरवतो. पहाटे चार!

घिरट्या
कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, आमचा हंगाम आत्ता कुठे सुरू होतोय. पावसाळाभर पंख गुंडाळून ठेवलेले, त्यामुळे ऑक्टोबरात सगळ्यांना घाई. नव्या मुलांना एकच सांगतो, अंदाजातला वाऱ्याचा आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो आणि सरासरी असतो. तुम्ही उभे असता डोंगराच्या धारेवर, तिथे वारा दाबला जाऊन वाढतो. अंदाजात ताशी १५ किमी दिसला की धारेवर २५ धरायचा. आपला पंख ताशी ३५-३८ किमीने पुढे जातो, वर वारा ३० चा निघाला तर हवेत जवळजवळ जागच्या जागी उभे राहाल. सरासरीच्या शेजारी झोताचा वेगळा आकडा असतो, तो आधी बघायचा. सरासरी १२ आणि झोत ३० असेल तर पंख पिशवीतच राहू द्यायचा.

आणि डोंगरओढताई म्हणतात तो गार झोत. पाऊस १०-१५ किमी लांब असतानाही तो येऊन धडकतो. दोन वर्षांपूर्वी माझा मित्र शेतात उतरून पंख आवरत होता, तेवढ्यात झोताने त्याला पंखासकट बांधापर्यंत फरफटत नेलं. खांदा निखळला. मी वीस मीटरवर होतो. पळालो, पण पंख फुगलेला असला की माणूस हाताला लागत नाही. अजून स्वप्नात येतं.

शेवंती
बापरे. मित्र परत उडतो का?

घिरट्या
हो, गेल्या हिवाळ्यापासून.

भोपळीण
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमचे आजोबा नक्षत्र लागलं की कॅलेंडरात वाहन बघायचे. हत्ती, बेडूक, म्हैस असलं की "पडेल बघ", गाढव-कोल्हा असलं की गप्प. आणि भोंडल्याचा पाटावरचा हत्ती म्हणजे हस्ताचाच हत्ती, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं! २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त लागतं, म्हणजे नवरात्र, भोंडला आणि गडगडाटी पाऊस सगळं एकदम. आमच्या चाळीत दर वर्षी एकदा तरी खिरापत घेऊन पळापळ व्हायचीच. खेळाबद्दल नाही हे, पण राहवलं नाही.

पान्हा१०
भोंडलाही खेळच की. आमच्याकडे खिरापत ओळखायला तासभर लावायचे, तोवर पाऊस गाठायचाच.

खाडीकाठ
अंजर्ल्याच्या खाडीत कयाक चालवतो. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आमच्यासाठी घड्याळ आहेत. पहाटे मतलई, जमिनीकडून समुद्राकडे, पाणी काचेसारखं. दहा-अकराच्या सुमारास सगळं थांबतं, पान हलत नाही. मग खारा वारा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुढे हे चालत नाही. ऑक्टोबरात ते घड्याळ पुन्हा सुरू झालं, की आमच्याकडचे म्हातारे म्हणतात आता दर्या बसला.

फसायला होतं कुठे? ओहोटी आणि खारा वारा एका वेळी आले की. पाणी बाहेर ओढतंय, वारा आत ढकलतोय, मग खाडीच्या मुखाशी लाटा उभ्या राहतात. जवळजवळ, उंच. वाऱ्याचा आकडा १५ च असतो, पण कयाक उलटते. मी मागच्या ऑक्टोबरात मुलीला घेऊन तिथे अडकलो. तिला म्हटलं वल्हं थांबवू नकोस, माझ्याकडे बघू नकोस, समोरचा खडक बघ. किनाऱ्याला लागलो तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते. म्हणून वारा बघताना भरती-ओहोटी बघितल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

मीठभाकर
@खाडीकाठ दादा, भरतीची वेळ कुठे बघता?

खाडीकाठ
@मीठभाकर तक्ते मिळतात, पण तिथीची पाऊणपट माहीत आहे ना? चतुर्थी, म्हणजे ४ ची पाऊणपट ३, तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा ओढ जास्त, नवख्यांनी काठावरच बसावं.

मीठभाकर
आईला विचारलं, तिला पाठ आहे!! मला कधी सांगितलंच नाही तिने.

दोनचाकी
पुणे-भिगवण-पुणे, २०० किमी ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलसफर), सप्टेंबरचा तिसरा आठवडा. वेळेची मर्यादा साडेतेरा तास. जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी, पाय न दुखता १०० किमी. वाटलं तयारी जोरदार झाली आहे. भिगवणला मासे खाल्ले, वळलो, आणि तोच वारा तोंडावर. ताशी २८ चा वेग १७ वर. अंदाजात दिशा स्पष्ट लिहिली होती, मी पावसाचा रकाना तेवढा बघितला होता. बाण वारा जिकडे चाललाय तिकडे असतो, पण 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा. गटातल्या दोघांनी उलटं वाचलं होतं.

धुकंधुकं
+१ दिशेला. मी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये धावते. यवतेश्वरच्या घाटात तापमान बावीस दिसतं, सुखद वाटतं, पण आर्द्रता ९५. घाम वाळतच नाही, अंग आतून तापत राहतं. पहिल्या वर्षी चौदाव्या किलोमीटरला चक्कर आली. एका अनोळखी काकांनी शर्यत सोडून माझ्या डोक्यावर पाणी ओतलं आणि दहा मिनिटं जवळ बसून राहिले. त्यांचं नावही विचारलं नाही. काका, वाचत असाल तर मनापासून आभार.

सायली_डेल्फ्ट
इथे नेदरलँड्समध्ये शरद सुरू झाला की वादळी वारे. ऑफिसला सायकलनेच जाते, निघण्याआधी पावसाचं रडार बघायचं, पुढच्या दोन तासांत सर कधी येते कळतं, त्या फटीत निघायचं. आणि यांची चक्क उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा आहे! ऑस्टरस्खेल्डच्या वादळ-बांधावर ८.५ किमी, गिअर नसलेल्या साध्या सायकली. तारीख आधी ठरत नाही, सात बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) किंवा त्याहून जास्त वाऱ्याचा अंदाज आला की मोजके दिवस आधी जाहीर होते. दोनचाकी, या तुम्ही!

दोनचाकी
@सायली_डेल्फ्ट साडेआठ किलोमीटर? भिगवणहून परत यायला शंभर होते 😀

वीजपुरवठा
कुणी दामिनी वापरत नाही का? पुण्याच्या आयआयटीएमचं (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं) ॲप. आपल्या आसपास २० आणि ४० किमीत वीज पडतेय का ते दाखवतं. हवामान खात्याचा तीन तासांचा जिल्हावार इशाराही बघा. आदल्या रात्रीचा अंदाज ट्रेक ठरवायला, तीन तासांचा इशारा मागे फिरायला. डोंगरात रेंज गेली तर मोजायचं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद भागिले तीन, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं की उघड्यावरून निघायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली नको.

आणि ३० टक्क्यांबद्दल. या दिवसांत पाऊस तुकड्यातुकड्यांत पडतो. एका खोऱ्यात धो धो, शेजारच्या खोऱ्यात धूळ. आकडा लहान असला तरी ज्याच्या डोक्यावर तो ढग येतो त्याला पूर्णच येतो.

डोंगरओढ
@वीजपुरवठा हेच तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. आम्ही ३० म्हणजे थोडासा पाऊस असं धरून चाललो.

शेवंती
कोजागिरीला राजमाचीवर जायचं ठरतंय, बारा जण, दोन लहान मुलं. मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर ना? त्यानंतर रात्री आभाळ मोकळं मिळेल?

घिरट्या
सरासरी आहे ती, ताई. तारखेवर जाऊ नका, दोन दिवस आधी बघा. दुपारचे ढग बहुतेकदा रात्री दहापर्यंत विरतात. चढाई मात्र दुपारी नको, सकाळीच गावात पोहोचून बसा.

भोपळीण
दूध वरच मिळेल का? की खालून न्यायचं?

शेवंती
वर सांगून ठेवलंय. मसाला मी करून आणतेय, केशर तेवढं तू आण.