'समजत आहे' चूक आणि 'बसली आहे' हेही चूक: चालू वर्तमानकाळ मुलीला कसा समजवावा?

एक पालक, सांगली
नमस्कार. माझी मुलगी सेमी इंग्रजीच्या ७ वीत आहे. 'ॲम, इज, आर' आणि पुढे क्रियापदाला 'आय-एन-जी' हे सूत्र तिला तोंडपाठ आहे. तरीही 'मला हे गणित समजत आहे' याचे तिने केलेले 'आय ॲम अंडरस्टँडिंग धिस सम' हे भाषांतर चूक ठरले आणि 'आजी ओट्यावर बसली आहे' यासाठी लिहिलेले 'ग्रँडमदर हॅज सॅट' हेही चूक ठरले. वहीत लाल फुल्या आहेत, कारण मात्र कुठेच लिहिलेले नाही.

निवृत्त शिक्षक, वाई
सूत्र बरोबर आहे. घोटाळा 'त आहे' दिसले की 'आय-एन-जी' लावण्याच्या सवयीचा आहे, आणि ती सवय आपण शिक्षकांनीच लावलेली असते. समजणे, माहीत असणे, मालकीचे असणे या इंग्रजीच्या दृष्टीने स्थिती आहेत, चालू असलेल्या क्रिया नव्हेत. म्हणून 'आय अंडरस्टँड' एवढेच पुरते. 'हॅव' मात्र दुतोंडी आहे: 'आय हॅव टू ब्रदर्स' असेच म्हणावे लागते, पण ताटावर बसलेल्या माणसाने 'आय ॲम हॅविंग लंच' म्हटले तर ते निर्दोष आहे.

आता आजी. मराठीत 'बसत आहे' हे गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली वाकणाऱ्या आजीलाच म्हणता येते. ती एकदा टेकली की 'बसली आहे'. इंग्रजी 'सिट'मध्ये टेकल्यानंतरचे बसून राहणेही येते आणि ते अजून चालू आहे, म्हणून 'ग्रँडमदर इज सिटिंग'. उभी आहे, झोपली आहे, साडी नेसली आहे, या सर्वांना हाच न्याय: 'इज स्टँडिंग', 'इज स्लीपिंग', 'इज वेअरिंग अ सारी'.

नदीकाठचा वाचक, सांगली
घरचेच उदाहरण द्यावे. कृष्णा सांगलीतून वाहते, हे बारमाही सत्य: 'द कृष्णा फ्लोज थ्रू सांगली'. परंतु आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले की सारे गाव जे विचारते, ते 'इज द वॉटर रायझिंग?' लिहिताना 'राइझ'चा शेवटचा 'ई' गळतो आणि 'सिट'चा 'टी' दुप्पट होतो, एवढे पाहावे.

एसटीचा प्रवासी, सातारा
ठरलेल्या बेतापुरत्या दोन्ही भाषा जुळतात: 'मी उद्या पुण्याला जात आहे' म्हणजे 'आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो'. वेळापत्रकातील गाडी मात्र साध्या काळात सुटते: 'द बस लीव्ज ॲट सिक्स'.

एक पालक, सांगली
आभारी आहे. आजीचे उदाहरण तिला लगेच पटले; आता ती विचारते, 'मला भूक लागली आहे' यात कोणते 'आय-एन-जी' घालायचे?

निवृत्त शिक्षक, वाई
कोणतेच नाही. 'आय ॲम हंग्री' म्हणायला सांगा आणि आधी तिला जेवायला वाढा.